रुखमाकाकूचं उभं राहणं

“ऊठ! ऊठ म्हनलं ना तिथून! ते सीट काय तुझ्या बापानं आंदन दिलंय व्हय?”

बियाणं विकणारा एक एजंट माझ्या जीपच्या पुढच्या सीटवर, दाराच्या कडेला, मांडीवर बॅग घेऊन ऐटीत बसला होता. बाहेर रुखमाकाकू उभी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर पदर, एका हातात वेळूची काठी. दुसऱ्या हातानं तिनं जीपचं दार असं धरलं होतं, की आता दार तिच्यासोबत जातंय आणि जीप इथंच राहतीय अशी मला धास्ती.

“मावशी, तिकीट सगळ्यांचं सारखंच हाय,” एजंट म्हणाला.

“तिकीट सारखं हाय. गुडघे सारखे हायेत का? तुझं नुसतं बूड बसनार हाय, बाबा. माझा गुडघा बसनार हाय. मागं बसले तर हिंगोलीत मला कुदळीनं खंदून काढा लागंल.”

एजंट उठला. उठणारच. त्या सीटवरून रुखमाकाकूनं माझ्या डोळ्यांदेखत तीन तलाठी, एक फौजदार आणि अंगाला हळद लागलेला एक नवरदेव उठवला होता. फौजदाराचं थोडं वाढवून सांगतोय, तो हवालदार होता. नवरदेवाचं मात्र बराबर खरं आहे. तो बिचारा मुंडावळ्या सावरत मागं शेळीच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्याच शेळीनं पुढं त्याच्या मुंडावळ्या खाल्ल्या.

हिंगोली तेव्हा जिल्ह्याचं गाव झालं नव्हतं. आमचं गाव पुसेगावापासून दोन कोस आत. एस.टी. आमच्याकडं कधीमधी वाट चुकल्यासारखी यायची, त्यामुळं गावाचं सगळं येणंजाणं माझ्या काळ्यापिवळ्या जीपवर. त्या जीपमध्ये एका खेपेला सत्तावीस माणसं, दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन मी स्वतः नेलेलं आहे. मशीनवर बाई बसून शिवतही होती म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून म्हणत नाही.

पुढच्या सीटवर बसली की रुखमाकाकू डावा पाय सरळ करायची, आणि तो सरळ होऊन दाराबाहेर यायचा. त्या जीपला दार नावालाच होतं. रस्त्यावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना तो पाय ओळखू यायचा. माझ्या जीपला डाव्या अंगाचा इंडिकेटर कधीच नव्हता, रुखमाकाकूचा पाय होता. समोरून येणारा ट्रकवाला आधी पायाला हात करायचा, मग मला.

गुडघ्यांना तिनं नावं दिली होती. उजवी थोरली जाऊ, डावी धाकटी जाऊ. “आज थोरली बरी हाय, पन धाकटीनं सकाळपासून तोंड फुगवलंय,” असं ती जीपमध्ये चढता चढता जाहीर करायची. ढग आले की दोघींचं भांडण. थंडी पडली की दोघींची एकी, आणि ती एकी भांडणापेक्षा वाईट. एकदा मी सहज विचारलं, “काकू, हे गुडघे कधीपासून गं?” जीपमध्ये तेव्हा पंधरा-वीस पुरुष कोंबलेले. ती खणखणीत आवाजात म्हणाली, “पाळी गेली ना माझी, त्याच साली हे आले. एक पाव्हनी गेली, दुसरी आली. पैली महिन्याला चार दिस ऱ्हायची अन् जायची. ही मुक्कामालाच आली बघ.”

सगळे पुरुष एकदम बाहेरच्या तुरीकडं बघायला लागले. एवढ्या लोकांनी एवढं मन लावून तूर पाहिलेली मी नंतर कधी पाहिली नाही.

पण ती आधी कशी होती हे सांगायला पाहिजे. खुरपणीच्या टोळीत ती पहिली पात धरायची. बायका ओळीनं उकिडव्या बसून खुरपत पुढं सरकतात, आणि जी पहिल्या पातीला असते तिच्या वेगानं सगळ्या ओळीला चालावं लागतं. रुखमाकाकू पातीला लागली की मागच्या बायका सासूच्या नावानं नाही, हिच्या नावानं बोटं मोडायच्या. आमच्या गावात असं बोलायचे, की तिच्या खुरप्याचा आवाज आला की गवत स्वतःच उपटून बांधावर जाऊन बसतं. उकिडवी बसलेली ती एखाद्या बेडकासारखी सरसर जायची आणि दिवस मावळता एका झटक्यात उभी राहून लुगडं झटकायची.

अठ्ठेचाळीस-पन्नासच्या सुमाराला ते उठणं अवघड झालं. आधी हात टेकून उठायची, मग काठी टेकून, मग दुसऱ्या बाईचा खांदा धरून. शेवटी बसणंच बंद झालं. पहिली पात मथुराबाईकडं गेली. मथुराबाई म्हणजे तिची शेजारीण, वयानं आठ-दहा वर्षांनी लहान, आयुष्यभर दुसऱ्या पातीची. रुखमाकाकूनं गोडेतेलाचा एक रिकामा डबा शेतात नेऊन ठेवला आणि त्या डब्यावर बसून ती हळदीच्या दिवसांत हळकुंडं मोडायची. शिजवून वाळवलेल्या हळदीच्या गड्ड्यापासून बोटं वेगळी करायची, कट् कट् कट्. हातांना काहीच झालेलं नव्हतं. हात अजून वीस वर्षांचे होते.

गावाला एक गोष्ट कळायची नाही. गुडघे एवढे दुखतात, तर ही बाई रोज उठून अर्धा कोस शेतात काहून जाते? घरी बसावं की. मलाही कळायचं नाही. मी तर एकदा तिला म्हणालोही. ती म्हणाली, “घरी बसू? बरं बरं. बसते.” आणि हसली.

आता घर सांगतो.

घर दोघा भावांचं, एकत्र. थोरले मारोतराव. त्यांना सारं गाव आबा म्हणायचं. धाकटे दत्तराव, ते काकूचे मालक. आबांची बायको पोरं लहान असतानाच वारली, त्यामुळं आबांची पोरं, मग सुना, मग नातवंडं, हा सगळा गाडा रुखमाकाकूनंच ओढला. म्हणजे आबा तिचे भाया, थोरले दीर. आणि आमच्याकडं भायासमोर बाईनं काय करायचं नाही याची यादी पंचांगाएवढी. नाव घ्यायचं नाही. थेट बोलायचं नाही, बोलायचं झालं तर भिंतीला किंवा लेकराला उद्देशून बोलायचं. वाटेत दिसले तर पाठ करून थांबायचं. आणि त्यांच्या नजरेसमोर बाजेवर, खुर्चीवर, ओट्यावर, जमिनीपासून चार बोटं उंच अशा कशावरही बसायचं नाही. जमिनीवर बसायला हरकत नव्हती. आणि नेमकं तेच तिला येत नव्हतं.

आबांची बाज ओसरीच्या मधोमध. सूर्य आमच्या गावात आबा बाजेवर बसल्यावर उगवायचा आणि ते उठल्यावर मावळायचा. तिथून त्यांना अंगण, हौद, गोठा, स्वयंपाकघराचं दार, वेशीकडची वाट, सगळं दिसायचं. आबा वाईट नव्हते हो. कुणाला कधी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. बोलायचेच नाहीत. दिवसातून पाच शब्द बोलायचे, त्यातले दोन बैलाशी.

म्हणजे सकाळी चहापासून दिवेलागणीपर्यंत रुखमाकाकू आपल्या अंगणात उभी. धान्य पाखडायची ते उभ्यानं. लेकरांची वेणी घालायची ते लेकरू ओट्यावर उभं करून. चूल तिनं विटांवर विटा रचून कमरेएवढी उंच केली आणि काटवट एका पालथ्या पिपावर ठेवली. उभ्यानं भाकरी थापणारी बाई पंचक्रोशीत ती एकटीच. थापताना तिचा सगळा देह डोलायचा, आणि भाकरी अशी यायची की तव्यावर टाकली की फुगून छताला लागेल. छताला एक डाग होता, तो भाकरीचाच म्हणून मी पैजेवर सांगायचो.

शेतात तेलाचा डबा होता आणि तिथं भाया नव्हते. म्हणून ती शेतात जायची. घरी कष्ट आणि शेतात आराम, असा तिचा उलटा संसार होता. माझ्या जीपच्या पुढच्या सीटसाठी ती हवालदाराशी काहून भांडायची, हे मला पुढं कळलं. हिंगोलीपर्यंतचा तो तास-दीड तास ती बसायची. आबा ज्या दिवशी जीपनं जायचे, त्या दिवशी ती घरी राहायची.

आणि गावानं याचा काय अर्थ लावला? गाव म्हणालं, “मर्यादा बघावी तर रुखमाबाईची! बाकीच्या भायासमोर भुईवर तरी टेकतात. ही भुईवरसुद्धा टेकत न्हाई!”

एकदा धाकट्या जावेनं फारच मनावर घेतलं, गुडघ्याचा नारळ झाला, तेव्हा दत्तराव आणि मी तिला हिंगोलीला हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. दत्तराव म्हणजे गावातला सगळ्यात मऊ माणूस. आवाज असा की सांगितलेलं शेजाऱ्यालाही ऐकू जाऊ नये. डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाला, “बाई, गुडघ्यातली गादी झिजली आहे.”

“गादी?” रुखमाकाकू म्हणाली. “जनमभर घोंगडीवर झोपले अन् गुडघ्यात गादी होती व्हय? आधी सांगायचं ना कुनी. जपून वापरली असती.”

डॉक्टर भला माणूस. हसला. त्यानं समजावून सांगितलं, की पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं काहीतरी कमी होतं, आणि त्यात जन्मभर उकिडवं बसणं, डोक्यावर ओझी. रोज अशा कितीतरी बाया येतात, पण फार उशिरा येतात. मग म्हणाला, “मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. ओझं उचलायचं नाही. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन पाय सरळ दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. आणि उभं फार राहायचं नाही. खुर्चीवर बसत जा.”

रुखमाकाकूनं मान डोलावली. गोळ्या घेतल्या, एक्स-रेचा लिफाफा घेतला, पायऱ्या एकेक करून उतरली. जीपजवळ आल्यावर म्हणाली, “खुर्चीवर बस म्हनला. कुठं बसू, ते न्हाई सांगितलं.”

दत्तरावांनी जमिनीकडं बघितलं. मला वाटलं, खुर्ची घरात नाही म्हणून म्हणते. मी मठ्ठ तो मठ्ठ. म्हणालो, “काकू, माझ्या घरची घेऊन जा ना.”

व्यायाम मात्र तिनं धरला. जीपमध्येच करायची. माझा गाडी पुसायचा फडका गुंडाळून गुडघ्याखाली घ्यायची आणि मोठ्यानं मोजायची, “एक... दोन... तीन...” आठवड्याभरात सगळी जीप तिच्याबरोबर मोजायला लागली. सहाच्या आकड्याला हमखास एखादा मागून ओरडायचा, “काकू, दमानं!” रस्त्यावरच्या माणसांना वाटायचं जीपमधून शाळा चाललीय.

एक गोष्ट मला माझ्या बायकोनं, शांतानं सांगितली, तीही बऱ्याच वर्षांनी. तेव्हा गावात कुणाच्याच घरी संडास नव्हता. बायका पहाटे नाल्याच्या काठी जायच्या. रुखमाकाकू एका बाभळीच्या खोडाला धरून कशीबशी वाकायची आणि खोडालाच धरून उठायची. एका पहाटे उठताच येईना. बाकीच्या बायका निघून गेल्या, ही लाजेनं हाक मारीना. उजाडलं. पुरुषांची जायची वेळ झाली. शांता सरपणाला गेली होती, तिला ही तशी दिसली, बाभळीला मिठी मारलेली, तळहात काट्यांनी फुटलेले. शांतानं काखेत हात घालून तिला उचललं. दोघी तिथंच रडल्या. मग रुखमाकाकू म्हणाली, “शांते, रडू नको. बाभळीला वाटंल, तिच्यामुळं.” आणि दोघी इतक्या हसल्या की पुन्हा पडता पडता राहिल्या.

त्यानंतर ती हिंगोलीला जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. उन्हाळ्यातसुद्धा. मी म्हणायचो, “काकू, उसाचा रस घे.” ती म्हणायची, “तूच पी बाबा, तुला झाडं लई.”

शांतानं ही हकीकत दत्तरावांना सांगितली असावी. कारण चार दिवसांनी दत्तराव शाळेची एक मोडकी लाकडी खुर्ची डोक्यावर घेऊन सुताराकडं जाताना दिसले. सुतारानं तिच्या बैठकीला मधोमध भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. दत्तरावांनी गोठ्यामागं खड्डा खणला, वर खुर्ची ठेवली, चारी बाजूंनी पोत्यांचा आडोसा केला आणि खुर्चीच्या पाठीवर धरायला एक मऊ चिंधी बांधली. कुणाला काही बोलले नाहीत. बायकोलाही नाही. नुसतं हात धरून दाखवून आणलं.

तर अशी ती गोष्ट होती. आख्ख्या घरात तिला बसायला एक खुर्ची होती, आणि तिच्यावर बसलेलं कुणाला दाखवता येत नव्हतं.

मग तो सप्ता आला. मारुतीच्या देवळापुढं मांडव, बाहेरगावचे कीर्तनकार महाराज. सगळं गाव बसलेलं. आबा पुढं सतरंजीवर. रुखमाकाकू मागं मांडवाच्या खांबाला टेकून उभी. दोन तास. महाराजांच्या कानात कुणीतरी कुजबुजलं असणार. ते गाता गाता थांबले, हात वर केला आणि म्हणाले, “बघा! बघा ती माउली! भाया बसलेत म्हणून भुईलासुद्धा टेकली नाही! अशा बाईच्या पुण्याईवर गाव उभं असतं!”

टाळ्या. टाळ वाजले, मृदंगवाल्यानं दोन थापा जास्त मारल्या. सगळ्या माना मागं वळल्या. रुखमाकाकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोक म्हणाले, भक्ती. मी तिच्या जवळच उभा होतो. ती दात आवळून म्हणत होती, “धाकटे, सोड गं. सोड. आता नको.”

त्या कीर्तनानं घात केला. गावातल्या सगळ्या सासवांच्या हातात आयतं खुरपं आलं. “ती रुखमाबाई साठीला आली तरी उभी ऱ्हाते, अन् तुला काय धाड भरली?” नव्या सुना भायासमोर उभ्या, सासऱ्यासमोर उभ्या. पंगतीत वाढून झालं तरी उभ्या. एका नव्या नवरीनं माझ्या जीपमध्ये हात जोडून म्हटलं, “देवा, त्या बाईला एकदा बसव, न्हाईतर उचल.” पुढं पाय बाहेर काढून बसलेली बाई तीच, हे तिला ठाऊक नव्हतं. रुखमाकाकू मागं न वळता म्हणाली, “मी बी तेच मागून राहिले, बाई.”

हसली, तेव्हा तिला ते लागलं नव्हतं. लागलं ते पुढच्या हंगामात, हळदीच्या खळ्यावर. मी पोती न्यायला गेलो होतो. रुखमाकाकू डब्यावर, कट् कट् चाललेलं. मथुराबाई पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी होती, एक पाय उचलून, बगळ्यासारखी.

“मथुरे, बस की. ते दुसरं पिंप घे.”

“घेते. इथं घेते बाई. घरी काय करू?”

“घरी काय?”

“सासरे ओट्यावर बसून ऱ्हातात ना दिवसभर. सासू म्हनती, रुखमाबाईनं कधी तोंड वाकडं केलं का? उभी ऱ्हा.” मथुराबाईनं लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं. गुडघा सुजून चकाकत होता. “दोन साल झाले. तुझ्यासारखंच. पाळी गेली तवापासून.”

“अन् मला बोलली न्हाईस? सांग ना घरी, गुडघा दुखतो म्हनून. त्यात काय चोरी हाय?”

“तू सांगितलंस का?” मथुराबाई म्हणाली.

कट् कट् थांबलं. मी पोत्याचं तोंड शिवत होतो, सुई तशीच धरून राहिलो. हवालदाराला सीटवरून उठवणारी बाई, भर जीपमध्ये पाळीबद्दल बोलणारी बाई. पण आपल्या अंगणात, आपण वाढवलेल्या घरात, ‘मला बसायचंय’ एवढे दोन शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. कुणाला सांगणार? भायांशी बोलायचं नाही. नवरा थोरल्या भावापुढं तोंड उघडत नाही. आणि कीर्तनानंतर तर ती बाई राहिलीच नव्हती, गावाचा खांब झाली होती. खांब कसा बसणार?

दोन दिवसांनी ती एकटीच हिंगोलीला आली. मला बाजारात घेऊन गेली, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दुकानात. तिनं दुकानातली प्रत्येक खुर्ची बसून बघितली. एकेकीवर बसायची, डोळे मिटायची, हात टेकून उठायची. दुकानदार वैतागला. “अहो बाई, घ्यायची का नुसती बसायची?”

“बसायचीच हाय,” ती म्हणाली. “त्याच्यासाठीच तर घेऊन राहिले.”

हात असलेल्या दोन लाल खुर्च्या तिनं निवडल्या. एक तिची, एक मथुराबाईची. जीपच्या टपावर बांधल्या. परतताना मला म्हणाली, “बापू, परवा आपल्या सुमीचा साखरपुडा हाय. त्या दिशी बसनार हाय मी. सगळ्यांसमोर.”

माझा पाय ब्रेकवर गेला. सुमी म्हणजे आबांची नात, आई नसलेल्या लेकरासारखी काकूच्याच मांडीवर वाढलेली. पाहुणे बाळापूरकडचे, मानपानाचे, विहीण तर फारच कडक म्हणून ख्याती. “काकू, त्या दिशी नको. सोयरीक मोडंल. लोक म्हनतील, कसलं घर हे, बाया भायासमोर खुर्चीवर बसतात.”

“मोडली तर सुमी जन्मभर उभी ऱ्हायची वाचली.” मग थोडं थांबून, आवाज उतरवून म्हणाली, “भ्या वाटून राहिलंय रे. लई वाटून राहिलंय. पन त्या दिशी पोरीला बघायला गावातल्या झाडून सगळ्या बाया येतील. त्यांच्यासमोरच बसा लागंल. एकटीनं बसून काय फायदा?”

रुखमाकाकू पुढं दहाएक वर्षं जगली. ऑपरेशन करायचं म्हणून लेकरं मागं लागली होती, ती म्हणाली नवे गुडघे मला ओळखायचे नाहीत. दुसऱ्याच कशानं तरी गेली, आठ दिवसांच्या तापात. मी तिला म्हातारी, वाकलेली, दोन काठ्यांवर चालणारी पाहिली आहे. पण तिचं नाव काढलं की मला त्या साखरपुड्याची दुपारच दिसते.

अंगणात मांडव. पाहुण्या पुरुषांसाठी ग्रामपंचायतीतून आणलेल्या लोखंडी खुर्च्या. आबा ओसरीवर बाजेवर. बायका कडेकडेनं, काही भुईवर, काही भिंतीला टेकून उभ्या, त्यात मथुराबाई. विहीणबाई सतरंजीवर पाय लांब करून, तोंड कडू करून बसलेल्या. सुमीला पाटावर आणलं. ओटी भरायची वेळ झाली, ती रुखमाकाकूनं भरायची. ती दारात आली आणि थांबली. आबांची नजर तिच्याकडंच. तिचा पाय उचलेना. मला वाटलं, झालं. बाई परत उभीच राहणार.

तेवढ्यात आतून दत्तराव आले. हातात लाल खुर्ची. जन्मात थोरल्या भावासमोर ज्यांनी पान खाल्लं नाही, त्या माणसानं ती खुर्ची अंगणाच्या मधोमध, आबांच्या बाजेच्या बरोबर समोर ठेवली. खांद्यावरच्या उपरण्यानं पुसली. कोरी करकरीत खुर्ची, पुसायला तिच्यावर काही नव्हतं. आणि त्यांच्या त्या मऊ आवाजात, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “बस.”

ती बसली. हळूहळू, दोन्ही हात टेकून, जशी भरलेली घागर खाली ठेवतात तशी. तोंडातून एक लांब श्वास निघाला. तो श्वास कळमनुरीपर्यंत ऐकू गेला असणार.

कुणी कुणाकडं बघेना. सुमीच्या होणाऱ्या सासऱ्याच्या हातातली सुपारी खाली पडली, तिचा घरंगळण्याचा आवाज मी ऐकला. आबा बघत होते. मग विहीणबाईंनी मान वळवली. त्या खुर्चीकडं बघितलं, वरून खाली, खालून वर. एका हातानं आपला गुडघा दाबला आणि म्हणाल्या, “अशी अजून एक हाय का हो तुमच्याकडं?”

दुसरी लाल खुर्ची आली. पण रुखमाकाकू म्हणाली, “ती मथुरीची हाय, विहीणबाई. तुमाला दुसरी देते.” आणि तिनं सोयऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, सीटवरच्या एजंटकडं बघायची तसं. सोयरा चटकन उठला आणि आपली लोखंडी खुर्ची बायकोच्या पुढं केली. मग आणखी दोघं उठले. मथुराबाई बसली. पलीकडच्या गल्लीतली गंगाबाई बसली. एक अशी बसली, जिला गुडघे दुखायला अजून वीस वर्षं अवकाश होता.

रुखमाकाकूनं बसल्या जागेवरून सुमीची ओटी भरली. पाटावरून पोर थोडी उठली, काकू थोडी वाकली, दोघींच्या मधे तांदूळ सांडले. काकूचे पाय समोर सरळ होते, टाचा भुईला टेकलेल्या, आणि तिचा चेहरा मी बारा वर्षांत पहिल्यांदा असा पाहिला, की त्यावर कुणाशीच भांडण नव्हतं.

पाहुणे गेल्यावर आबांना देवळापर्यंत न्यायचं होतं. मी त्यांचा हात धरून जीपकडं निघालो. राहवेना. म्हणालो, “आबा, एक विचारू? काकू तुमच्यासमोर खुर्चीवर बसल्या. तुमाला राग न्हाई आला?”

आबांनी काठी टेकली.

“मला वाटायचं,” ते म्हणाले, “तिला उभं राह्यला आवडतं.”